माशी स्पष्ट, माणूस धूसर

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. आधीच सांगते, पत्र हातात धरून लगेच फोनकडे धावू नकोस. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी घसा फोडायचा, तू "काय? काय?" करायचं आणि बातमी आमच्या अख्ख्या गल्लीला कळायची. जन्मभर पोलिसांतल्या पोरांना गोळीबार शिकवून कान घालवलेस, आता भाचीची पत्रं वाच. शिवाय हा विषय आईपर्यंत जायला नको आहे. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि तुझ्या बहिणीचे कान अजून तिखट आहेत.

मी रिव्हॉल्व्हर घेतलं आहे. दचकू नकोस, रीतसर परवाना काढून घेतलं आहे. आखूड नळीचं, पाच काडतुसांचं, पर्समध्ये मावेल एवढं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेडीजना हे छोटंच सोपं पडतं." घरी आणून हातात धरलं तेव्हा कळलं की मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. घरात असा गुरू असताना बाहेर कोणाला विचारू?

कारण सांगते. सहा महिन्यांपूर्वी दुकान बंद करायच्या वेळी चोर शिरला. शटर मी अर्धं खाली ओढलं होतं, तो त्याखालून वाकून आत आला. काउंटरची काच फोडली, माझा गळा धरला आणि सोनेरी फ्रेमचा ट्रे उचलून गेला. गळ्यावरचे वळ आता गेले आहेत. पण शटरचा आवाज झाला की अजून माझ्या हातातली काच सुटते, आणि चष्मेवालीच्या हातून काचा सुटायला लागल्या म्हणजे धंदाच बसला म्हणायचा. मला नीट शिकव. शोभेसाठी नाही, खरोखर उपयोगी पडेल असं.

बाकी ठीक. आई बाथरूममध्ये घसरली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं आहे. एका हाताने सगळं करते आणि मला करू देत नाही, तुला माहीतच आहे. आमचे धाकटे बंधुराज, बारक्या, त्यांच्या कामात आहेत. भेटतो कधीमधी.

उत्तर खाली दुकानाच्या नावावर पाठव, वर घरी नको.

तुझी,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र वाचलं, फिरून आलो, पुन्हा वाचलं. तुला शिव्या द्याव्यात की शाबासकी हे अजून ठरलेलं नाही, म्हणून तूर्त कामाचं लिहितो.

तो दुकानदार गाढव आहे. लहान हत्यार जवळ बाळगायला सोपं असतं, चालवायला सगळ्यात अवघड. वजन कमी म्हणून झटका जास्त बसतो. नळी आखूड म्हणून हात केसभर हलला तरी गोळी भलतीकडे जाते. आणि चाप लांब आणि जड, ओढता ओढता बोट थकतं. पण माझ्या मते तो लांब चाप हीच त्यातली एक चांगली गोष्ट आहे. तो मागे येईपर्यंत माणसाला मन बदलायला जागा मिळते. हे मी प्रत्येक तुकडीला सांगायचो आणि पोरं फिदीफिदी हसायची.

घरी काडतुसाला हात लावायचा नाही. सराव रिकाम्याने. काडतुसं बसतात ती चक्री उघड, तिचं प्रत्येक घर डोळ्यांनी बघ, मग बोटाने चाचप. नुसत्या डोळ्यांवर विश्वास नको, हे तुला मी काय सांगणार! काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. सरावाची भिंत पक्की असली पाहिजे, पलीकडे कोणी राहत नसावं. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर. डावा हात उजव्यावर घट्ट. चाप हिसडायचा नाही, दात घासायची ट्यूब दाबतेस तसा सावकाश, एकसारखा दाबत जायचा. नळीवर खोडरबराचा तुकडा ठेव. मागचा घोडा खटकन पडला आणि तुकडा तसाच राहिला, तर जमलं. पडला तर पुन्हा.

आता मुख्य. नळीच्या टोकावर जो छोटा उंचवटा असतो त्याला आम्ही माशी म्हणतो. मागे खाच असते, खाचेत माशी बसवायची आणि माशी समोरच्यावर. डोळ्याला या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत. बघायचं फक्त माशीकडे. माशी स्पष्ट, माणूस धूसर. हे पोरांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कारण भ्यालेला माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो. तोंडाकडे बघायचं नाही.

आणि नुसत्या पत्रांवर राहू नकोस. गावात क्लब असेल, तिथे नाव घाल. पत्रातून पोहायला शिकलेला मी अजून कोणी पाहिलेला नाही.

पोलिसांत तक्रार दिलीस ना? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. तुझ्या आईला सांग, बाथरूममध्ये पायपुसणं टाक. आणि बारक्याला म्हणावं, मामा मेला नाही अजून, चार ओळी लिही. तुमचे वडील गेले तेव्हा माझ्याकडे राहायला आला होता ना, तेव्हाचा आठवतो. चष्मा काढून आंघोळीला जायचा आणि परत येताना दाराऐवजी कपाटात शिरायचा. मामी हसून हसून खाली बसायची. मामीला जाऊन इतकी वर्षं झाली, पण कपाट उघडलं की अजून तोच आठवतो.

मामा


३ मार्च

मामा,

गुरुदक्षिणा म्हणून तुझा पुढचा चष्मा फुकट.

दुकानामागच्या खोलीत सराव करते. जिथे भिंगं घासायचं यंत्र आहे तिथे एक जाड भिंत आहे, पलीकडे मातीचा ढिगारा. भिंतीवर अक्षरांचा जुना तक्ता लावला आहे, गिऱ्हाइकांना वाचायला लावतो तो. खोडरबर सुरुवातीला टणाटण उड्या मारायचं. आता शहाण्यासारखं बसून राहतं.

पण तुझी माशी मला जमत नव्हती. अरे, मी आयुष्यभर लोकांना उलटं शिकवत आले. "आता स्पष्ट दिसतंय का? आणि आता?" हेच माझं बोलणं. समोरचं धूसर झालं की माझा हात आपोआप दुसरी काच शोधायला जातो. पहिले काही दिवस मी माशी सोडून तक्त्यावरची अक्षरं वाचत बसले होते. मग एक दिवस सगळ्यात वरचं मोठं अक्षर ढगासारखं पसरलं आणि माशीचा काळा चौकोन कातरून काढल्यासारखा दिसला. जमलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. मी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि चहा करायला गेले.

क्लबातही जाते. तिथले शिक्षक तुझ्यासारखे आरडाओरडा करत नाहीत, फार हळू बोलतात, त्याचीच जास्त भीती वाटते. त्यांनी माझ्या नकळत चक्रीत खरी आणि खोटी काडतुसं मिसळली. खोट्यावर घोडा पडला, आवाज झालाच नाही, पण माझी नळी दणकन खाली गेली. "बघा, झटका यायच्या आधीच तुम्ही दचकता," म्हणाले. मी म्हटलं, सध्या मी सगळ्याच बाबतीत यायच्या आधी दचकते. आता दचकणं पुष्कळ कमी झालंय. जवळच्या अंतरावर पाचही गोळ्या ताटाएवढ्या गोलात जातात.

आता काही प्रश्न. क्लबात विचारायची लाज वाटते.

समोरचा हाताच्या अंतरावर असला तर काय करायचं? सगळे शिकवतात ते लांबचं.

हत्यार कुठे ठेवलंय हे त्याला माहीत असलं तर?

दाराची चावी त्याच्याकडे असली, म्हणजे दार फुटल्याचा आवाज यायचाच नाही, तर तयारी कशी ठेवायची?

आणि कुठे मारलं तर माणूस थांबतो पण मरत नाही?

तक्रारीचं बघते. आईचं प्लास्टर अजून आहे. बारक्या ठीक.

भिंगरी


११ मार्च

भिंगरे,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. असं ठिकाण नाही. पायावर मारीन, हातावर मारीन हे सगळं पडद्यावर. घाबरलेल्या हाताने शरीराच्या मधोमध लागलं तरी नशीब समजायचं, आणि मधोमध लागलं की माणूस मरू शकतो. मरू नये असं वाटत असेल तर चाप ओढायचाच नाही. मधला रस्ता नाही. हे पक्कं कळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

हाताच्या अंतरावर असेल तर हात लांब करायचे नाहीत, तो हत्यार हिसकावून घेईल. कोपर बरगडीला चिकटव, नळी पुढे, डावा हात त्याला रोखायला. पण त्याआधी ओरड. पोटातून ओरड, दोनच शब्द, "मागे हो!" ओरडण्याने शेजारी जागे होतात आणि समोरच्यालाही एक संधी मिळते. मी जे ऐकलं-पाहिलं त्यात दहातली नऊ माणसं नळी आपल्याकडे वळलेली पाहिली की थांबतात. गोळीची वेळच येत नाही.

आता मामा म्हणून लिहितो. चोर चावी घेऊन येत नाही. हत्यार कुठे ठेवलंय हे चोराला माहीत नसतं. म्हणजे हा तुझ्या ओळखीतला आहे. मी ओळखलंय, तू लपवायची गरज नाही. तो तुझा भिंगं घासणारा कारागीर ना? मागच्या वेळी आलो होतो तेव्हाच मला तो आवडला नव्हता, नजर वर करून बोलत नाही. दुकानाची चावी त्याच्याकडे असते. अगं बाई, आजच्या आज त्याला काढ आणि कुलूप बदल.

तू एकटी, आई एका हाताची. मला इथे झोप लागेना. म्हणून काल बारक्याला पत्र टाकलं. त्याच्या जुन्याच पत्त्यावर टाकलंय, मिळेल. लिहिलंय की, अरे, बहिणीवर संकट आहे, सगळी कामं सोड, तिच्याकडे जाऊन राहा. घरात पुरुष माणूस दिसला की असली माणसं फिरकत नाहीत. पत्र तिला दाखव म्हणावं, म्हणजे ती मानी बाई नाही म्हणणार नाही.

आता जरा निश्चिंत झोपेन.

मामा


२० मार्च

मामा,

बारक्या आला. तुझं पत्र हातात घेऊन आला. मी दार उघडलं नाही तर त्याने ते दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि बाहेरून म्हणाला, "ताई, मामाने सांगितलंय मला राहायला." आईने मला बाजूला केलं आणि डाव्या हाताने कडी काढली.

आता ऐक. चिडून लिहितेय, अक्षर वाईट येईल, चालवून घे.

माझा कारागीर नजर वर करत नाही कारण तो लाजाळू आहे. त्या संध्याकाळी त्यानेच मला पाणी पाजलं आणि काचा झाडल्या. चोर बारक्या होता. शटरखालून वाकून आत आला तो बारक्या, गळा धरला तो बारक्याने. आई बाथरूममध्ये घसरली नाही. बांगड्या काढून देत नव्हती म्हणून त्याने हात पिरगाळला. मी जिन्यात होते, मी हाड मोडल्याचा आवाज ऐकला. मग तोच रडायला लागला आणि आई मोडक्या हाताने त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

नशा करतो. दोन वर्षं झाली. काम सुटलं, बायको माहेरी निघून गेली, तुला कोणी कळवलं नाही. आई म्हणते, तो आजारी आहे, चोर नाही. तक्रार द्यायला मी चौकीच्या पायरीपर्यंत गेले होते. आईने फोन करून सांगितलं की तू आत गेलीस तर मी घरात राहणार नाही. परत आले. परवान्याच्या अर्जात कारण विचारलं होतं, तिथे मी "दुकान" लिहिलं. तुलाही "दुकान"च लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तू शिकवलं असतंस का? तुझ्या मांडीवर वाढलेल्या पोरावर नेम धरायला?

मला राग तुझा नाही आला असं म्हणणार होते, पण आला. तू इतक्या लांबून बरोबर ओळखलंस की तो ओळखीतला आहे, आणि मग नेमका त्यालाच राखणदार म्हणून पाठवलास.

तो माजघरात झोपतो. दिवसा गोड बोलतो. संध्याकाळी घरभर फिरत राहतो, कपाटं उघडतो. नाकावर चष्मा नाहीये. फुटला म्हणाला, विकला असेल, फ्रेम चांगली होती. डोळे बारीक करून बघतो. त्याचा चष्मा पहिल्यापासून मीच केलाय, दर वर्षी. या वेळी मी काही विचारलं नाही. दुकानात बसून जगाला चष्मे देते आणि सख्ख्या भावाला विचारलं नाही, कारण मला तो घरात नको आहे.

रिव्हॉल्व्हर मागच्या खोलीत, भिंगांच्या कपाटात खालच्या खणात, कुलपात आहे. कालपासून भरलेलं आहे. त्याला माहीत आहे की मी काहीतरी कुलपात ठेवते.

आता सांग, पुढचा धडा काय?

भिंगरी


२६ मार्च

भिंगरे,

पुढचा धडा नाही.

तुझं पत्र आल्यावर फोन केला होता. तू उचललास, तुझा आवाज ऐकू आला, शब्द ऐकू आले नाहीत. नुसता हॅलो हॅलो करत राहिलो. मग शेजारच्या पोस्टमनला बोलायला लावणार होतो, पण असलं बोलणं परक्याच्या तोंडून कसं बोलायचं? ठेवून दिला.

तुझं खरं आहे. मूर्ख म्हातारा मी. चोराच्या हाती मीच चावी दिली, तीही माझ्या अक्षरात. त्यावर जास्त लिहीत नाही, लिहिलं तर तुलाच माझी समजूत काढत बसावी लागेल.

रिव्हॉल्व्हर चौकीत जमा कर. परवानाधारकाला तसं करता येतं, पावती देतात. उद्याच कर. तुला वाटेल मामा भाच्याची बाजू घेतोय. नाही गं. मी दोघांची घेतोय. तू त्याला मारलंस तर तोही जाईल आणि तूही. गोळी लागल्यावर उभा राहिलेला माणूस कसा दिसतो ते मी जवळून पाहिलंय, आडवा झालेला नाही, उभा राहिलेला, ज्याच्या हातात हत्यार आहे तो.

मी येतोय. डॉक्टरने प्रवासाला नाही म्हटलंय, त्याला मी हो म्हणून ठेवलंय. तिकीट एप्रिलच्या मध्यावरचं मिळालं. बारक्याला घेऊन जाईन. इथे एक जागा आहे, नशा सोडवतात, त्यांच्याशी बोललो आहे. तुझी आई रडेल, रडू दे.

तोवर काही झालंच, आणि तू माझं ऐकून जमा केलेलं नसलंच, तर एवढंच. ओरड. आईला कळेल म्हणून गप्प राहू नकोस. आणि नळी दिसू दे त्याला. तो वाईट नाहीये, घाबरट आहे. बघेल तर थांबेल.

मामा


३ एप्रिल

मामा,

जमा केलं नाही. करणार होते. गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं, मग वाटलं उद्या. खरं म्हणजे करायचं नव्हतं.

परवा दुपारी झालं. दुकान जेवायला बंद होतं, कारागीर घरी गेला होता, आई वर झोपली होती. मी मागच्या खोलीत एका काचेची कड घासत होते. यंत्राच्या आवाजात दार कळलं नाही. मान वर केली तर बारक्या कपाटापाशी. हातात पेचकस. खालच्या खणाच्या कुलपावर जोर लावत होता आणि ते कुलूप, मामा, खेळण्यातलं निघालं.

मी धावले. खण दोघांच्या मध्ये उघडला. माझा हात आधी पोचला, कारण मला काळोखातही माहीत होतं ते कुठे आहे. घेतलं आणि मागे सरकले, यंत्राला पाठ लागेपर्यंत. मूठ वर. डावा हात उजव्यावर. सगळं तू सांगितलंस तसं आपोआप झालं, मला काही करावं लागलं नाही. त्याचीच मला सगळ्यात भीती वाटते.

ओरडले नाही. तू दोनदा लिहिलं होतंस. पण आई वर होती. तिने उठून खाली यावं आणि हे बघावं, यापेक्षा मला त्या क्षणी बाकी सगळं चाललं असतं. म्हणून मी नुसती नळी त्याच्याकडे वळवून उभी राहिले. दिसू दे त्याला, थांबेल, असं तू लिहिलं होतंस.

तो थांबला नाही. माझ्याकडे चालत आला. सावकाश आला, घाईबिई नाही. मी माशीकडे बघत होते. माशी इतकी स्पष्ट मला क्लबातही कधी दिसली नव्हती. तिच्यामागे फिका शर्ट आणि वर एक धूसर गोळा, तोंड. तोंडाकडे बघायचं नाही. मनात म्हटलं, याला माहीत आहे माझ्या हातात काय आहे, आणि तरी येतोय. म्हणजे आज हा मला मारणार. बोट दाबायला लागलं, सावकाश, एकसारखं. घोडा मागे जाताना कडेने दिसतो, माहीत आहे तुला. तो मागे गेला होता.

मग त्याने मान जराशी तिरकी केली आणि पुढे काढली.

मामा, ही हालचाल मी दिवसातून कितीदा बघते. खुर्चीवर बसलेला माणूस खालच्या ओळीवर अडला की नेमकी अशीच मान काढतो. माझा डोळा माशीवरून सुटला आणि त्याच्या तोंडावर गेला, माझ्या मनात नसताना गेला, सवयीने गेला. बारक्याने डोळे बारीक केले होते. पापण्यांच्या फटीतून माझ्या हाताकडे बघत होता आणि त्याला काहीही दिसत नव्हतं. मला त्याचा नंबर पाठ आहे. चष्म्याशिवाय त्या अंतरावर माझे हात म्हणजे त्याला एक पांढुरका डाग.

"बारक्या," मी म्हटलं, "माझ्या हातात रिव्हॉल्व्हर आहे. भरलेलं आहे."

तो जागच्या जागी थांबला. तू म्हणालास तसाच, कळल्याबरोबर थांबला.

"कुठाय?" म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू हात पुढे केलायस."

मी घोडा अंगठ्याने धरला. चाप सावकाश सोडून बोट बाहेर काढलं, ते तू शिकवलेलं नव्हतंस, क्लबात शिकले. चक्री उघडली, काडतुसं तळहातावर ओतली आणि रद्दी काचांच्या डब्यात टाकली. ती आवाज करत पडली. तो खाली बसला होता. मीही बसले, यंत्राला टेकून. ते अजून चालूच होतं. कोणीतरी बंद करायला पाहिजे होतं आणि आम्ही दोघंही उठत नव्हतो.

रिव्हॉल्व्हर त्याच दुपारी चौकीत दिलं. पावती सोबत जोडते, म्हणजे तुझा विश्वास बसेल. येऊन बघितलं तर तो होता तिथेच बसलेला. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि डोळे तपासले. "आता स्पष्ट दिसतंय का? आणि आता?" तो लहानपणी जशी उत्तरं द्यायचा तशीच देत होता, कंटाळून. नंबर पुष्कळ वाढलाय. रात्री जागून चष्मा केला, साध्याच फ्रेमचा, विकला तरी काही मिळू नये असा.

सकाळी त्याने तो घातला आणि जेवणाच्या टेबलापाशी आला. आई एका हाताने चहा गाळत होती. तो तिच्या प्लास्टरकडे बघत उभा राहिला. इतके दिवस घरात होता, पण ते नीट बघितलंच नव्हतं त्याने. चहा घेतला नाही. जिन्यात जाऊन बसला तो दुपारपर्यंत उठला नाही.

मी तो सुधारला असं लिहीत नाहीये. काल रात्री पुन्हा घरभर फिरत होता, आईकडे पुन्हा काहीतरी मागत होता, आईने पुन्हा दिलं. तू आलास की घेऊन जा त्याला. यायला तयार आहे असं म्हणतो, उद्या काय म्हणेल देव जाणे. आईला रिव्हॉल्व्हरचं अजून माहीत नाही. ती म्हणते, बघ, भावाला चष्मा करून दिलास, मन किती मोठं आहे तुझं. मी ऐकून घेते.

तू त्याच्यासाठी येतोयस, ते बरोबरच आहे. पण माझ्यासाठीही ये. तो लांब चाप किती मागे आला होता ते मला कोणालातरी दाखवायचं आहे. क्लबातल्या शिक्षकांना दाखवता येणार नाही, आईला तर नाहीच. सारखं बोट वाकवून बघते मी, दुकानात, गिऱ्हाइकासमोर सुद्धा. इथपर्यंत आलं होतं, की याच्याही पुढे? तुला बघून सांगता येईल.

तुझी,
भिंगरी